भागीच्या फटफटीचं तेल

आमच्या घरासमोरची शाळा मार्चमध्ये परीक्षेचं केंद्र असते. सकाळी मुलं आत जातात, फाटक लागतं, आणि रस्त्यावर उरतात ती त्यांना सोडायला आलेली माणसं. कुणाचा बाप स्कूटरवर बसून वर्तमानपत्र उघडतो आणि मग पान उलटायचंच विसरतो. कुणाची आई निंबाच्या सावलीत उभी राहून ओठ हलवत असते. मी गॅलरीत मटकी निवडायच्या निमित्तानं बसते आणि त्यांच्याकडे पाहत राहते. सांगलीत या दिवसांत हळदीचा बाजार भरात असतो. वारा यार्डाकडून आला की घशाला किंचित कडवट, कोमट धूळ लागते. इतरांना तो वास हळदीकुंकवाची, लग्नाची आठवण देत असेल. मला त्या वासानं भूमितीचे सिद्धांत आठवतात, आणि त्याच्या पाठोपाठ जळलेल्या तेलाचा धूर.

मी मॅट्रिकला बसले तेव्हा माझ्या पदरात मुलगी होती. कोयनेचा भूकंप होऊन गेला, त्यानंतरचा उन्हाळा. आमच्या माणसांनी धर्म बदलला त्या वर्षी मी आठवीत होते. मग नववी झाली, लग्न झालं, आणि शाळा सुटली. नवरा मास्तर मिळाला. आटपाडीकडच्या एका वाडीत चार यत्तांची शाळा होती, तिथं ते शिकवायचे. गावात सगळेच त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागले. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी एका संध्याकाळी ते कंदिलाची काच पुसता पुसता म्हणाले, "तू मॅट्रिक हो. बाहेरून बसता येतं. मी शिकवतो." मी भाकरी थापत होते. हात थांबला नाही, पण भाकरी वाकडी झाली.

त्याच सुमारास घरात फटफटी आली. आमच्या एकट्याची नव्हे, भागीची. मास्तरांचा लहानपणापासूनचा दोस्त हमीद मणेर. त्याचा बांगड्यांचा धंदा होता. करगणी, आटपाडी, दिघंची असे आठवड्याचे बाजार तो सायकलवरून करायचा, आणि सायकल एकदा पडली की अर्धी पेटी काच व्हायची. मास्तरांची शाळा घरापासून लांब. दोघांनी मिळून सांगलीच्या एका अडत्याकडून जुनी मोटारसायकल घेतली. लाल टाकीची, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी. अडत्याच्या गोदामात ती वर्षानुवर्षं उभी असायची, त्यामुळे तिच्या सांदीकोपऱ्यात हळद बसली होती. पहिल्यांदा धुतली तेव्हा पिवळं पाणी वाहिलं. हमीदभाईंची बायको, जैबूनभाभी, हसून म्हणाली, "नवरीच आनलीय की ह्यांनी. हळद लावून."

बाजाराच्या दिवशी गाडी हमीदभाईंची, एरवी मास्तरांची. गावानं लगेच म्हण काढली, भागीचं घोडं किवणानं मेलं, दोघांचं ते कुणाचंच नसतं. पण वर्षभर तरी घोडं नीट पळत होतं. गल्लीच्या तोंडाशी तिचा आवाज आला की माझी मुलगी टाळ्या पिटायची, आणि आवाजावरून ओळखायची की आज बाबा आहेत की हमीदचाचा. हमीदभाई वळणावर आवाज बारीक करत. मास्तर करत नसत.

मग तेल जायला लागलं.

पेट्रोलमधलं तेल वेगळं. गिअरच्या पेटीत वेगळं तेल भरावं लागतं, ते एकदा भरलं की महिनोन् महिने पाहायचं काम नाही, असं अडत्यानं सांगितलं होतं. एक दिवस गिअर टाकताना किरकिर आवाज आला. मास्तरांनी वरचा नट काढून आत तार बुडवली, तर तार कोरडी. त्यांनी तेल भरलं. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. खाली जमिनीवर पाहिलं तर ठिपका नाही. रात्रभर गाडीखाली परात ठेवली, सकाळी परात लख्ख. हमीदभाईंनी पेटीच्या खालचा नट नवा वायसर घालून आवळला. मास्तरांनी शाळेतल्या खडूची पूड करून ती सगळ्या इंजिनावर फडक्यानं थापली. तेल पाझरत असेल तर पांढऱ्यावर काळी रेघ उमटेल, हा त्यांचा हिशेब. गाडी आटपाडीला जाऊन आली. पूड होती तशीच, फक्त वरून रस्त्याची धूळ बसलेली. भुतासारख्या पांढऱ्या त्या इंजिनाकडे दोघं उकिडवे बसून बघत राहिले.

गावात ज्याला त्याला मत होतं. कुणी म्हणालं, बैलगाडीच्या आखाला वंगण लागतं, पोरं तेल चोरत असतील. मग गाडी हमीदभाईंच्या दुकानात कुलपात ठेवायला लागले. तरी तेल जायचंच. कुणी म्हणालं, उन्हानं आटत असेल. यावर मास्तर हसले. पाणी आटतं, तेल असं आटत नाही, हे ते चौथीच्या पोरांना शिकवत होते.

त्याच दिवसांत ते संध्याकाळी मला भूमिती शिकवायचे. पक्ष, साध्य, सिद्धता. अंगणात काडीनं त्रिकोण काढायचे आणि म्हणायचे, "शक्यता सगळ्या तपासायच्या. ज्या खोट्या ठरतील त्या टाकायच्या. उरेल ते खरं." मला ते फार आवडलं होतं. जगात असं काही आहे की जे पायरीपायरीनं गेलं तर चुकतच नाही, याचा मला मोठा आधार वाटला. अजून वाटतो. फक्त शक्यता सगळ्या मोजल्यात का, हे कोण बघणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

मास्तरांनी तीच रीत गाडीला लावली. तेल सांडत नाही. तेल आटत नाही. तेल चोरीला जात नाही. मग एकच राहतं.

हमीदभाई किल्ली द्यायला आले होते. मी चहा टाकत होते.

"हमीद, बाजाराला जाताना तेल पाहिलं होतंस?"

"पायलं की. भरून नेली."

"भरून नेलीस तर मग असायला पाहिजे होतं."

"मी भरलं म्हनतोय न्हवं?"

"मी नीट बघितलंय. तार कोरडी आहे."

 हमीदभाई हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी मी खोटं बोलतूय."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हनायचं राह्यलंय काय मग?"

त्यांनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली. चहा तसाच राहिला. मी बाहेर आले तेव्हा ते गल्लीच्या टोकाला पोचले होते. मास्तर आपली पाटी पुसत बसले होते, कोरडीच पाटी.

बिघाड सापडत नाही तेव्हा माणूस सापडतो, हे मी पुढं नोकरीत, संसारात, नात्यागोत्यात कितीदा पाहिलं. रक्कम लागत नाही म्हटलं की कारकुनाकडे बघतात, पोर नापास झालं की आईकडे. पण पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी, आणि तेही दोन चांगल्या माणसांच्यात. दोघांनीही एकमेकांना फसवलं नव्हतं. दोघांनाही आपण फसवले गेलो असं वाटत होतं.

त्यानंतर गाडी हातातून हातात जायची बंद झाली. मास्तर ती हमीदभाईंच्या दारात लावून माघारी यायचे, हमीदभाई आमच्या दारात. किल्ली खिळ्यावर. जैबूनभाभी आणि मी विहिरीवर भेटायचो, पण गाडीचा विषय काढायचो नाही. दोघींनाही भीती वाटायची की आपण आपापल्या नवऱ्याची बाजू घेऊ.

परीक्षेचं केंद्र विट्याला आलं. सकाळची एस. टी. पेपराच्या वेळेला पोचत नव्हती. विट्यात आठवडाभर खोली घ्यावी असा विचार निघाला होता. खोली मिळालीही असती. पण नाव, गाव, आडनाव विचारून झाल्यावर मिळाली असती का, ते बघायला आम्ही गेलोच नाही. तेव्हा फटफटीवरूनच जायचं ठरलं. पेपर होते ते दिवस मास्तरांनी मागून घेतले. हमीदभाईंकडून, पण माझ्या तोंडून. चिठ्ठी नाही, बोलणं नाही. मी विहिरीवर भाभीला वार सांगितले आणि त्या वारांना गाडी आमच्या दारात असायची.

मास्तरांनी त्या दिवसांची रजा टाकली आणि पहिले पेपर तसेच झाले. भिवघाट चढताना पहाटेचा गारवा अजून उतरलेला नसे. मास्तर पुढून प्रश्न विचारायचे आणि मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन उत्तरं द्यायची. वाऱ्यात सनावळ्या उडून जायच्या, त्या पुन्हा मोठ्यानं सांगाव्या लागायच्या. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची, की ही बाई नवऱ्याशी एवढी भांडतेय कशाला. रस्त्याकडे माझं लक्षच नसायचं. मी पुढं वाकलेली, डोळे मिटलेले.

मग भूमितीच्या पेपराच्या आदल्या दिवशी निरोप आला, की उद्या तपासणीसाठी साहेब शाळेवर येणार. एकशिक्षकी शाळा, मास्तर नाहीत म्हणजे शाळाच नाही.  त्या संध्याकाळी मास्तर दोनदा चप्पल घालून हमीदभाईंच्या घराकडे निघाले आणि दोनदा कोपऱ्यावरून परत आले. मी ते पाहिलं. मनात एवढंच ठरवलं, की पायी निघायचं आणि वाटेत जे वाहन मिळेल ते धरायचं.

सकाळी मी वेणी घालत होते तर दारात गाडीचा आवाज आला. वळणावर बारीक झालेला. जैबूनभाभी आधीच आत आली होती, मुलीला उचलून कडेवर घेतलंही होतं. "वैनी, पोरगी माझ्याकडं. तुमी निगा. ह्यांला मी रातीच सांगितलंया."

हमीदभाई गाडीवरून उतरले नाहीत. म्हणाले, "चला वैनी. माजं भांडान मास्तराशी हाय. तुमच्या पेपराशी न्हाई."

मास्तर दारात उभे होते, साहेब येणार म्हणून इस्त्रीचा सदरा, टोपी. परक्या माणसाच्या मागं बसून बायको तालुका ओलांडून जाणार, गाव बघणार, याचा विचार त्यांच्या मनात आला नसेल असं नाही. माझ्या आला होता. पण ते एवढंच म्हणाले, "सावकाश ने."

"व्हय," हमीदभाई म्हणाले.

कितीतरी दिवसांनी दोघांच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

नवऱ्यामागं बसणं वेगळं आणि हमीदभाईंच्या मागं बसणं वेगळं. मी पार मागं सरून बसले, हात कॅरिअरला धरलेला, तोंड बाहेरच्या बाजूला आणि बरंचसं मागं. प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी पहिल्यांदा मी रस्ता पाहिला. खानापूरच्या माळावर ज्वारीची काढणी उरकली होती, धाटं उभी रचलेली. ऊन अजून कोवळं होतं. विट्याच्या बाजूला लांब उतार लागतो, तिथं हमीदभाईंनी गाडीचा आवाज अगदी बंद केल्यासारखा केला आणि ती आपली आपण घरंगळू दिली. उताराच्या तळाशी मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता. त्याला वळसा घालून त्यांनी मूठ पिळली.

मी मेंढरांकडे बघत होते. एका क्षणी मेंढरं होती आणि दुसऱ्या क्षणी नव्हती. पांढरा, दाट, गोवऱ्या पेटवाव्यात तसा धूर रस्ताभर पसरला होता. त्याच्या आतून मेंढक्याचा खोकला आणि शिव्या ऐकू येत होत्या.

"हमीदभाई, थांबा जरा."

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "काय राह्यलं? पेन?"

"न्हाई. धूर बघा."

"फटफटी हाय वैनी. धूर निगायचाच."

"एवढा? सपाटीला न्हवता. उतारानंतरच आला. मेंढरं दिसंनात."

त्यांनी मागं वळून पाहिलं. धूर हळूहळू विरत होता, त्यातून एकेक मेंढरू बाहेर पडत होतं. ते बराच वेळ बघत राहिले. मग खाली बसून त्यांनी नट काढला, तार बुडवली. तारेचं फक्त टोक ओलं झालं.

"सकाळी भरलंय," ते म्हणाले. "तुमच्या दारात याच्या आदी. ह्या हातानं."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता. सुटका झालेल्या माणसाचा होता. "भायेर सांडत न्हाई," ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "म्हंजी आत जातंया. इंजनच पितंया. उताराला वढून घ्यायचं आन् मूठ पिळली की जाळायचं. पेट्रोलमदी तेल असतंयच, म्हून धुराचा कुनाला संशय न्हाई." पेट्रोलात मिसळायच्या तेलाची बाटली त्यांच्या पिशवीत होती. ती त्यांनी पेटीत ओतली. मी नट पुसून हातात दिला. मग एकदम त्यांना आठवण झाली. "पेपर किती वाजता हाय?"

आम्ही पोचलो तेव्हा घंटा होत होती. पेपर लिहिताना माझ्या बोटाचा काळपट ठसा उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यावर उमटला. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी मला कशाचंच भय वाटत नव्हतं. वर्तुळाचा जो सिद्धांत मी कधी धड म्हणू शकले नव्हते तो हातातून आपोआप उतरला.

संध्याकाळी मास्तरांना सांगितलं. साहेब येऊन गेले होते, शेरा चांगला मिळाला होता, तरी ते दारातच बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तुम्ही दोघं म्हणता. सिद्ध कसं झालं?"

मी चिडले. म्हटलं, "मग तुम्हीच बघा. पुढं बसून दिसत नाही ते. मागं बसा, आणि तोंड मागं करून बसा."

आणि ते खरंच बसले. दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. सकाळच्या उन्हात भिवघाटाच्या पायथ्याशी मी मुलीला घेऊन उभी राहिले. तिघं-चौघं गाडीवान काय तमाशा आहे म्हणून थांबले. वरच्या वळणावर गाडी दिसली. पुढं हमीदभाई, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून, कॅरिअर दोन्ही हातांनी धरून, उलटे बसलेले आमचे मास्तर, टोपी नीट, मान ताठ. उतारभर गाडी निमूट आली. तळाशी हमीदभाईंनी मूठ पिळली आणि मास्तर धुरात गडप झाले. गाडीवान पोट धरून हसले. मुलीनं टाळ्या पिटल्या.

धुरातून ते बाहेर आले ते खोकत. पांढऱ्या सदऱ्यावर काळे शिंतोडे, डोळ्यांतून पाणी. गाडीवरून उतरलेसुद्धा नाहीत. तसेच उलटे बसून म्हणाले, "मान्य."

"काय मान्य?" हमीदभाईंनी पुढं बघतच विचारलं.

"तू भरलं होतंस."

 हमीदभाई म्हणाले, "उतर आता. का गावातनं असाच मिरवत न्हेऊ तुला?"

माफी कुणी मागितली नाही, कुणी केलीही नाही. पण पुढच्या बाजाराच्या दिवशी झुंजूमुंजूला मास्तर उठले, गाडी पुसली, तार बुडवून पाहिली, तेल भरलं, हमीदभाईंच्या दारात नेऊन उभी केली आणि मग चालत शाळेला गेले. उरलेले पेपर आम्ही त्याच गळक्या गाडीवर दिले. रोग कळला होता, त्यामुळे भीती उरली नव्हती. घाटाच्या आधी तेल, घाटानंतर तेल. रोगी हातचा जाणार नाही एवढं पाजत राहायचं आणि पेपर संपवायचे.

आता समोरच्या रस्त्यावर एक मुलगा आपली मोटारसायकल उगाच घुर्रर्र करतो आहे. बहिणीला सोडायला आलेला दिसतोय. त्याच्या गाडीतून धूर येत नाही. हल्लीच्या गाड्या धूरच सोडत नाहीत. बरं आहे ते. पण एखादं काही बिघडलं तर मागं बसलेल्या माणसाला ते कसं दिसणार, असं मला उगाच वाटून जातं.

माझी परीक्षा संपल्यावर मास्तर, हमीदभाई आणि मी सांगलीला गेलो, मुलगी भाभीजवळ ठेवून. हळदीचा हंगाम भरात होता. यार्डाजवळच्या मिस्त्रीकडे गाडी उभी केली तेव्हा हमालांच्या अंगापासून रस्त्याच्या खड्ड्यांपर्यंत सगळं पिवळं होतं. मास्तरांनी मिस्त्रीला रोग आणि कारण दोन्ही एका दमात सांगितलं. त्यानं मान हलवली, म्हणाला, बरोबर असेल, खोलून बघू. दुपारभर आम्ही कृष्णेच्या घाटावर बसलो. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलेलं, पायऱ्या तापलेल्या. परत आलो तेव्हा त्यानं जुनं सील काढून ठेवलं होतं. रबराची काळी चकती, मधलं भोक झिजून कड विस्कटलेली. गिअरचं तेल आणि इंजिनाची खोली यांच्यामधली एवढीच काय ती भिंत.

हमीदभाईंनी ती चकती तीन बोटं जुळवून त्यांवर चढवून पाहिली, गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तशी. "तान्ह्या पोरीच्या हातातली बांगडी," ते म्हणाले. "एवडुशानं आपलं बोलनं बंद पाडलं गड्या."

मास्तर म्हणाले, "ते चकतीनं नाही पाडलं. मी पाडलं."

हमीदभाईंनी चकती मास्तरांच्या खिशात टाकली आणि चहा सांगितला.

निकाल जूनमध्ये लागायचा होता. निकालाच्या दिवशी आटपाडीला वर्तमानपत्र येणार म्हणून दोघं सकाळीच गाडी घेऊन गेले. मी घरी. घर सारवून झालं, भांडी घासून झाली, घासलेली भांडी पुन्हा घासून झाली. जैबूनभाभी येऊन बसली होती. ती माझ्या मुलीच्या केसांतला गुंता सोडवत होती.

गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. वळणावर तो बारीक झालाच नाही. गाडी सरळ अंगणात आली. दोघं गाडीवरच, दोघांचे चेहरे धुळीनं माखलेले.

मास्तर म्हणाले, "हमीद, तू सांग."

"मी कशाला? बायको तुजी. तू सांग."

"नको, तूच सांग. त्या दिवशी तू नेलंस तिला."

"शिकवलंस तू. सांग की गड्या."

मी उंबऱ्यात उभी होते. भाभीनं माझा दंड धरला होता. मी विचारलं, "अवं, कुणीतरी सांगा की."

तेव्हा दोघं एकदम बोलले. गाडी बंद करायचं त्यांना सुचलंच नव्हतं. तिच्या फटफटीत मला एक शब्दही नीट ऐकू आला नाही. पण भाभी माझा दंड सोडून हसत हसत रडायला लागली होती, आणि ते दोघं गाडीवर बसून, एकाच वेळी, पुन्हा पुन्हा, तेच सांगत होते.